सुई न देण्याचे दिवस

२ जुलै १९७४, मेडशी
सकाळपासून कानात तोच जुना आवाज. शिरपूरच्या शाळेत आम्ही चाळीस पोरं एका सुरात कविता म्हणायचो, वरचे पत्रे थरथरायचे. दुसरं कडवं मला कधीच येत नसे. नुसते ओठ हलवायचो. चाळिसांत कोणाला कळणार? गुरुजींना कळलं. एकट्याला उभं केलं. ती शांतता अजून आठवते.

दुपारी अकोल्याहून पत्र आलं. माझा जुना रोगी पुंजाजी, त्याच्या क्षयावर स्ट्रेप्टोमायसीन चालत नाही, जंतू त्याला सरावलेत. तिथल्या डॉक्टरांनी विचारलंय — हे औषध पूर्वी तुटक तुटक दिलं होतं काय?

दिलं होतं. मीच. दर हिवाळ्यात तो खोकत यायचा, मी पेनिसिलीन-स्ट्रेप्टोची जोडसुई टोचायचो. दोन दिवस, फार तर तीन. बरं वाटलं की गडी शेतात. सगळेच डॉक्टर देत होते. मी ओठ हलवत होतो.

३ जुलै
पुंजाजीला सगळं सांगितलं. म्हणाला, "तुमाले कायले बोल लावू? मीच तं मांगून मांगून घेत होतो." त्यानं रागवायला हवं होतं.

५ जुलै
ठरलं. सर्दी, पडसं, अंगदुखी — सुई नाही. छाती, घसा, कान नीट पाहायचे. गरज असेल तर औषध द्यायचं, आणि पुरतं द्यायचं. नसेल तर मिठाच्या पाण्याच्या गुळण्या कर, तीन दिवस थांब, तिसऱ्या दिवशी पुन्हा दाखव.
कंपाउंडर जगदेव बाटल्या पुसता पुसता म्हणाला, "मंग लोक येतीन कायले?"

१२ जुलै
बाजाराचा दिवस. आमच्याकडे बाजारात मीठ-मिरची घ्यावी तशी लोक सुई घेऊन जातात. आठवडाभर शेतातलं तण निंदून अंग ठणकतं, दुखणं असो नसो, दंड पुढे करतात. ही सवय मीच लावली.
आज अकरा जणांना नाही म्हटलं. दौलतराव पाटील सगळ्यांदेखत म्हणाले, "डॉक्टर, सुई बोथटली का तुमची? मिठाचं पानी तं माह्या घरी बी हाये. त्यासाठी इथलोक कायले येऊ?"
बाकडं हसलं. मीही हसलो. सुई दिली नाही.
सगळे उठून एस.टी.च्या थांब्यावर सेवालालकडे गेले. तो कुठं शिकला देव जाणे. सायकलला पेटी बांधून गावोगाव फिरतो, एक लाल सुई देतो.

१९ जुलै
दिवसभरात तीन रोगी. जगदेव दोनदा माशा मारून झोपला. मी मात्र गुळण्यांवर एक ओवी रचली —
मीठपाणी कोमट, घसा धुवावा नीट,
तीन दिवसांची वाट, पाहा बाई.
घरचा स्वयंपाक पाहणाऱ्या दुर्गाबाईंना म्हणून दाखवली. म्हणाल्या, "लोकायले खोकला सुटला, आन् तुमाले कविता." पण चुलीपाशी हळूच गुणगुणत होत्या.
सेवालालची गिऱ्हाइकं आठवड्यात ठणठणीत होऊन माझ्या दारावरून मुद्दाम जातात. एकानं दंडही दाखवला. ती सुईविनाही गेली असती हे दाखवायला गेलेली सर्दी कोणत्या तोंडानं परत बोलावू? असू दे. पाय मागे घ्यायचा नाही.

२६ जुलै
सोजरबाई चार वर्षांच्या नातीला, अंजनाला, घेऊन आली. नाक वाहतं, बारीक ताप. छाती दोनदा ऐकली. स्वच्छ. पोर खडीसाखर चघळत होती.
"सुई देऊन टाका, साहेब."
"गरज नाही, बाई. सोमवारी नक्की आण. श्वास लागला तर त्याच्याही आधी."
"मले उद्या किन्हीराजाले बहिणीकडं निंदाले जायचं हाये. रोज बुडवून तिसऱ्या दिवशी कशी येऊ? तुमाले काय, तुमी बसल्या जागी थांबता."
खरंच बोलली. मी सांगितलेले तीन दिवस तिच्या मजुरीतून जाणार, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. तरी पोरीला जे नको ते नको. गेली, वळूनही न पाहता.

२९ जुलै
तिसरा दिवस. दुपारपर्यंत वाट पाहिली, मग तिच्या घरी गेलो. कुलूप. शेजारीण म्हणाली, "गेली किन्हीराजाले. जाता जाता सेवालालची सुई घेतली पोरीले."
आता सुई झाली, म्हणून ती निर्धास्त असेल. पोर बिघडली तरी इकडे यायची नाही. असं एक लेकरू गेलं, तर माझं खरं असूनही काय उपयोग? रागात का होईना, माझ्या दारात परत येईल असं मी तिला बोलायला हवं होतं.
उद्या-परवा एस.टी. मिळाली की स्वतः जातो.

३१ जुलै
पिशवी घेऊन निघालो, तोच दार वाजलं. सेवालाल. खांद्यावर अंजना, मागे सोजरबाई.
"कालपासून किन्हीराजात होतो. ही बाई दुसरी सुई मांगून राह्यली होती," तो म्हणाला. मान वर करेना. "साहेब, माह्या सुईत काई नसते. ताकदीचं लाल पानी. सर्दी आपसूक जाते, नाव माह्यं होते. ह्या पोरीची छातीत उतरली."
बरगड्या आत ओढल्या जात होत्या. उजवीकडे खालून करकर. न्यूमोनिया. ओठ अजून निळे नाहीत. वेळेत आली.
सोजरबाईला म्हटलं, आज पेनिसिलीन देतो. पोर उद्या हसायला लागली तरी सगळे दिवस द्यायचं. तोवर दोघी इथंच राहा, दुर्गाबाईंजवळ.
जगदेव यायचा होता. मी उकळायला सिरिंज काढली.
सेवालाल म्हणाला, "स्टोव्ह मी पेटवतो."