मधला तुकडा

४ फेब्रुवारी, रविवार

बिघडलं! पुन्हा बिघडलं. तीन तास शिजवूनही मटण चामड्यासारखं. हिने एक घास तोंडात धरला आणि रुमालात काढून ठेवला. "आवडलं नाही का गं?" तर म्हणाली, "बरं."

अर्धांगाचा झटका आल्यापासून तिच्याकडे हा एकच शब्द उरलाय. खिडकी लावू? – बरं. लेक फोनवर रडते – बरं. बाकीचे शब्द कुठे गेले कोण जाणे.

वजन आणखी दीड किलो उतरलं. डॉक्टर म्हणाले, "सव्वीस तारखेला पुन्हा वजन करू. वाढलं नाही तर नाकातून नळी." हिच्या आईला शेवटी नळी होती. तेव्हाच हिने मला बजावलं होतं, "माझ्यावर ही वेळ येऊ देऊ नका." मी हो म्हणून बसलोय. म्हटलं, ही करायची तसं रविवारचं मटण केलं तर खाईल. तेही जमत नाही.

५ फेब्रुवारी

दिवसभरात दोन चमचे दूध.

६ फेब्रुवारी

खाटकाशी भांडायला गेलो. सगळ्यात महाग, बिनचरबीचा तुकडा घेतला, तरी ही गत! तो हसला. "काका, महाग म्हणजे चांगलं हे कुणी सांगितलं? काकू कायम खांद्याचा घ्यायच्या. बिनचरबीचं तासन् तास शिजवलं की लाकूड होतं." एकेचाळीस वर्षं खाल्लं, पण खांदा की मांडी हे ठाऊक नाही! आयतं ताटात येत होतं ना.

त्याने सांगितलेलं लिहून ठेवतो. मीठ आदल्या दिवशी चोळायचं. तुकडा फडक्याने कोरडा टिपायचा – ओला असला तर खरपूस होत नाही. जाड बुडाच्या पातेल्यात सगळ्या बाजूंनी लाल करायचा. खाली कांदे, गाजरं. पाणी जेमतेम, तुकडा बुडवायचा नाही. मंद आच, आणि झाकण लावलं की हात मागे. "सारखं उघडून बघाल तर पुन्हा पहिले पाढे पंचावन्न!"

११ फेब्रुवारी, रविवार

उघडलं. पाच-सहा वेळा तरी. राहवतच नाही – एकदा खोलीत जाऊन तिला बघायचं, एकदा पातेल्यात बघायचं. रस आटला, तळ लागला. घरभर करपल्याचा वास.

"बरं," ती म्हणाली. आणि मी ओरडलो तिच्यावर! "काय बरं? काय बरं आहे यात?" लाज वाटते स्वतःची. आता सहन होत नाही मला हे.

१५ फेब्रुवारी

दिवसभर एकच गोष्ट डोक्यात. मधला तुकडा, सगळ्यात रसाळ – तो कायम माझ्या ताटात. ही तळाचे कांदे घ्यायची आणि पावाने पातेलं पुसून खायची. "तूही घे की," एखाद्या वेळी म्हटलं असेन. "तुम्ही खा. मला हेच बरं." मी लगेच खायचो. हावरट! आता मधला तुकडा तिला. नळी लागायच्या आत एकदा तरी.

१८ फेब्रुवारी, रविवार

जमलं. माझा माझ्यावर भरवसा नाही, म्हणून झाकण आणि पातेल्याचे कान सुती पट्टीने बांधून टाकले. टाके घालायचे तेवढे बाकी ठेवले! चार तास हात लावला नाही. उतरवल्यावर पंधरा मिनिटं निवू दिलं. मटणाच्या रेषांना आडवं कापायचं – हे मात्र मला शिंप्याला कुणी शिकवायला नको, जन्मभर कापडाचा उभा-आडवा धागा बघूनच कात्री लावली. लोण्यासारखं मऊ!

मधला तुकडा कुस्करून तिच्या तोंडाशी नेला. तिने ओठ घट्ट मिटले. डोळ्यांतून पाणी. "एकच घास. माझ्यासाठी." नाही.

संपलं. नळी लागणार. सगळं मटण खाटकाच्या कुत्र्याला घातलं.

२१ फेब्रुवारी

लेकीला फोनवर सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, आई मटण खायची कुठे? लहानपणापासून तिच्या घशाखाली उतरत नाही. कांदे-गाजरं तेवढी खायची. मला म्हणायची, बाबांना सांगू नकोस, त्यांचा रविवार बिघडेल."

गिऱ्हाइकाच्या दोन खांद्यांतला पाव इंचाचा फरक मला नुसत्या नजरेने कळायचा. आणि समोर बसून जेवणारी बायको एकेचाळीस वर्षांत दिसली नाही! वर तिच्या तोंडात तेच कोंबत होतो. आणि रडवलं तिला.

२५ फेब्रुवारी, रविवार

पातेल्यात नुसते कांदे, गाजरं, लोणी. मंद आच, झाकण बांधलेलं. हिने दोन वाट्या खाल्ल्या! उद्या वजन आहे. काय व्हायचं ते होवो.

वाटी पुसताना विचारलं, "पुढच्या रविवारी मटण आणू?" ती माझ्याकडे बघत राहिली. ओठ दोनदा हलले. मग म्हणाली –

"नको."