भुऱ्याचा परवाना

रबाळे

पूर्वी बाळा,

हे पत्र मी पाठवणार नाही. नोकरीसाठी बंगळुरूला जाताना तू दोनदा सांगितलंस, "आई, भुऱ्याचा परवाना काढ." मी काढलाच नाही. गेल्या महिन्यात तो शेजारच्या रुतिकाला चावला. पालिकेची माणसं आली. "कुत्रा कोणाचा?" मी घाबरले. "आमचा नाही," म्हणाले, तसं लिहूनही दिलं. गाडीत चढवताना तो माझ्याकडे बघून शेपटी हलवत होता.

दोन दिवसांनी मी त्याला आणायला पालिकेच्या कोंडवाड्यात गेले. तिथला माणूस म्हणाला, "परवाना दाखवा. तुम्हीच लिहून दिलंय ना, तुमचा नाही म्हणून?" मी हात जोडले, रडले. चौथ्या दिवशी तो गेला, पोरी. अन्नाला तोंडच लावलं नाही म्हणे.

काल तू म्हणालीस, "फोन त्याच्या कानाला लाव ना." मी म्हटलं, झोपलाय, उठवत नाही.

तुझी खोटारडी
आई