वीस–चौदा

शनिवार, २ ऑगस्ट
जिंकले! मी चोवीस वर्षांची, समोरची तेराची. आनंद गगनात मावेना वगैरे.

नीट नोंदवते. जुन्या शाळेत बॅडमिंटनच्या निवडीसाठी प्रशिक्षक पाक दार्सो सर मला मापपट्टी म्हणून उभी करतात— माजी खेळाडू, सरळ खेळते, हसत नाही. जिल्ह्याच्या संघातली शेवटची जागा माझ्याकडून पंधरा गुण काढेल त्या मुलीची; बाकीच्या सरच निवडतात. यंदाही तेवढीच उरली होती. समोरची लिंतांग दोन वर्षं त्या जागेमागे आहे. वीस–चौदावर तिचा फटका माझ्या मागच्या रेषेपाशी पडला. आमच्याकडे रेषेवर पंच नसतो. ज्या बाजूला शटल पडतं, त्या बाजूची खेळाडूच सांगते.

"बाहेर," मी म्हटलं. एकवीस–चौदा. संपलं.

हरणारीने पुढच्या सामन्याचे गुण मोजायचे, हा शाळेचा रिवाज. लिंतांग खुर्चीवर चढली.

शटल आत होतं. रेषा चार सेंटिमीटर रुंद. त्यातल्या दोनवर तरी.

रविवार, ३ ऑगस्ट
कारखान्यात मी मापं तपासते. मिलिमीटरच्या शंभराव्या भागासाठी लोकांची उपकरणं परत पाठवते. काल दोन सेंटिमीटर दिसले नाहीत! नाही— दिसले. तीच तर अडचण.

मंगळवार, ५ ऑगस्ट
मुख्याध्यापिका बू लिलिक यांचा फोन. "रेत्नो, शाळेच्या वार्षिक अंकासाठी लेख हवाय. स्पर्धेच्या खेळातून मुली काय शिकतात? तूच लिही, तू आमची शिस्तीची!" शुक्रवारपर्यंत.

हो म्हटलं.

बुधवार, ६ ऑगस्ट
'खेळ मुलींना सचोटी शिकवतो.' इतकंच झालं. दुसरं वाक्य येईना.

बरं, हरले तरी नसते! वीस–पंधरा झाले असते, पुढे मीच. म्हणजे खोटं बोलले ते जिंकण्यासाठीही नाही. माझ्याकडून अजून कुणी पंधरा काढले नाहीत, हा विक्रम जपला. त्याची नोंद फक्त माझ्याकडेच आहे.

गुरुवार, ७ ऑगस्ट
पाक दार्सोंना सांगितलं. ते तळलेलं मेंदोआन मिरचीबरोबर खात होते. मिरची अर्धी चावून थांबले.

"आत होतं?"

"दोन सेंटिमीटर."

"आणि ते मोजायला पाच दिवस लागले?" मग यादी काढली. "लिहितो तिचं नाव. पण तिला तू सांगायचं. माझ्या गळ्यात घालू नकोस."

शाळेच्या फाटकापाशी सांगितलं, सगळ्या मैत्रिणींसमोर. एकटीला गाठून सांगणं फार सोपं गेलं असतं म्हणून. (केवढी मी थोर!) लिंतांगचा चेहरा उतरला. मला वाटलं, भारावली.

"बरं, म्बाक," मला ताई म्हणत एवढंच बोलली आणि सायकलवर बसली. मैत्रिणी मागे ओरडत होत्या— "ए बये, संघात आलीस! मेंदोआनची पार्टी कोण देणार, तुझा भाऊ?"

घरी येऊन लेख संपवला. तीन पानं. 'सचोटी' सात वेळा.

शुक्रवार, ८ ऑगस्ट
सकाळी कारखान्याच्या फाटकावर लिंतांग, गणवेशात.

"म्बाक, माझे अकरा होते ना, तेव्हा तुमचं शटल माझ्या रेषेवर पडलं. मी बाहेर म्हटलं. आत होतं."

"पाक दार्सोंना—"

"सांगून आले. त्यांनी नाव खोडलं."

मी तिथेच गुण दुरुस्त केले. तो एक माझ्याकडे धरला, तर माझे एकवीस आधीच झाले होते. आठवडाभर ज्या फटक्यासाठी जळले, तो मारलाच जायचा नव्हता!

लेख पाठवला नाही. तिला शाळेत सोडायला गेले. उशीर झाला म्हणून तिला मैदानाच्या पाच फेऱ्यांची शिक्षा. मीही पळाले. चौथ्या फेरीत दमले.

खरं तर दुसऱ्या.