बांधाचं विरजण

आई, तुझं विरजणाचं गाडगं तू वहिनीला दिलंस आणि मला स्टीलचा डबा. "लेकीला नवं, सुनेला जुनं," असं चारचौघींत हसत म्हणालीस. मीही हसले. पण तेव्हा पोटात जे दुखलं, ते तू जाऊन इतकी वर्षं झाली तरी दुखतंय.

परवा ते वर आलं बांधावरून. माझं सासरचं शेत तुमच्या शेताला लागून, मधे ओढा तेवढा. यंदा माझी द्राक्षबाग रुसलीय. वेलींना नवी पांढरी मुळी फुटत नाही, माती उकरली तर गांडूळ सोड, मातीला वाससुद्धा नाही. खतांच्या दुकानातून जिवाणूंची बाटली आणून ड्रिपमधून सोडली, आणि त्याच आठवड्यात वर बुरशी मारायचं मोरचूद दिलं. जगतील कशाला बिचारे! शेवटी जीवामृत करायला घेतलं. शेण, गोमूत्र, गूळ, बेसन सगळं पिंपात पडलं. आता त्याला विरजण म्हणून मूठभर बांधाची माती हवी म्हणून उठले, तर माझ्या बांधावर जिवंत काही उरलेलंच नाही. तणनाशक मारून मारून अंगण केलंय त्याचं.

एकदा मी ते गाडगं राखेने घासत बसले होते. तू चुलीपुढून उठून हिसकावून घेतलंस. "अगं भवाने, विरजणाचं भांडं असं खरवडत्यात का? तळाला थोडं राहू द्यावं. बांधाचं बी तसंच हाय." दारात वहिनी उभी होती, नवी नवरी. मी फुरंगटून बसले, तिने ऐकलं. तिने बांध कधी जाळला नाही की फवारला नाही. तिच्या बागेत पाचोळा कुजतो, पाय ठेवला की माती दबते. ती माती बघून माझा नुसता जळफळाट होतो. आई माझी, आणि शिकली ती!

दिवेलागणीच्या आत ओढा ओलांडून वहिनीकडे गेले. सांजेला विरजण कोण देतं? "वहिनी, मूठभर बांधाची माती द्या."

"मूठभर काय ताई, लय न्या की!" म्हणाली, आणि तुझंच गाडगं आणून गच्च भरून दिलं. तिच्या मनात काही म्हणजे काही नव्हतं. त्याचाच मला जास्त राग आला.

पिंपात फेस धरलाय, आंबूस गोड वास सुटलाय. हे तुला कुठे पाठवू, म्हणून इथेच पिंपापाशी सांगते. गाडगं मी परत केलेलं नाही. वहिनीने विचारलं तर फुटलं म्हणणार आहे. आत्ता त्यात दही लागतंय.