म्हैसूरचं मवाळ ऊन

२ फेब्रुवारी, सोमवार
गच्चीवर तीन किलोवॅटचं सोलर बसलं. रोज चौदा युनिट वीज, असं बायकोला, जयवंतीला ठणकावून सांगितलं. तिला गच्ची कुरडयांसाठी हवी होती. होळीला लेक येणार, तिच्याबरोबर द्यायच्या असतात. शब्द दिला, सोळा तारखेपर्यंत चौदा दिसले नाहीत तर गच्ची तुझी. तोवर शेजारच्या सीतालक्ष्मीबाईंच्या गच्चीवर वाळव म्हटलं. शास्त्र आधी, कुरडई नंतर.

४ फेब्रुवारी
दहा ते चार जातीनं निरीक्षण. भाजीवाल्याकडे असते तशी मोठी छत्री आणली, पॅनेलला खेटून खुर्ची टाकली. युनिट नऊ.

७ फेब्रुवारी
नऊच. कारण सापडलं. म्हैसूरचं ऊन मवाळ. आमच्या नागपूरला याच पॅनेलवर पिठाची गिरणी चालली असती. जयवंती शेजारच्या गच्चीवरून बघून हसत होती. कौतुक असावं.

११ फेब्रुवारी
सोलरवाल्यांच्या मेटगळ्ळीतल्या ऑफिसात दिवसभर ठाण मांडलं. मॅनेजर म्हणे, ऊन तापलं म्हणून वीज वाढत नाही, पॅनेल तापलं तर उलट घटते; उजेड किती लख्ख पडतो ते महत्त्वाचं. नागपूरच्या माणसाला ऊन शिकवतात. घरी येऊन ॲप पाहिलं, तर तेरा पॉइंट आठ. तक्रारीचा धाक, दुसरं काय. उद्या आठपासूनच बसतो.

१२ फेब्रुवारी
आठपासून बसलो. सात.

१६ फेब्रुवारी
दुपारी बाराला कंपनीचा टेक्निशियन गगन आला. पॅनेलकडे बघितलंच नाही, माझ्याकडे बघितलं. म्हणाला, 'स्वल्प एद्देळी सार,' म्हणजे जरा उठा. उठलो. त्यानं छत्री मिटली. मोबाइलवरचा आकडा टुणकन वर. एका पॅनेलवर सावली पडली की ओळीतले सगळेच ढेपाळतात म्हणे.
जयवंतीला शेजारून पहिल्या दिवसापासून दिसत होतं. सांगितलं का नाहीस, विचारलं. म्हणाली, मला वाटलं शास्त्र चाललंय. फार लागलं मनाला.
अर्धा दिवस वाया गेलेला. दिवसअखेर युनिट अकरा.

१७ फेब्रुवारी
चौदा पॉइंट तीन. एक दिवस उशिरा. गच्ची जयवंतीची झाली, कुरडयांवरचे कावळे हाकायला मी. छत्रीला बंदी.
मान भाजून निघाली आहे. म्हैसूरचं ऊन मवाळ नाही.