डाव्या हाताचे पंप

बिश्केक, ९ जुलै

प्रिय एलदियार,

'प्रिय' सवयीनं लिहिलंय, त्याचा फार अर्थ काढू नकोस. तुझा मोठा पंप मी माशांच्या टाकीतून काढला, धुतला आणि खोक्यात घालून माळ्यावर टाकला. गेल्या पंधरवड्यापासून तुझ्या फोनवर 'पंप सापडत नाही' असं येत असेल. मॉस्कोत बसून बोटं दुखेपर्यंत दाब, तो सापडायचा नाही.

ऐंशी लिटरची टाकी, एलदियार! तिच्यात तासाला आठ हजार लिटर पाणी फेकणारा पंप पाठवताना तुझी अक्कल कुठं चरायला गेली होती? मासे विकणाऱ्या गेन्नादीनं त्याच्या दुकानात खोकं पाहिलं आणि म्हणाला, "हा काय तळ्यात लावायचाय?" मी तुझी बाजू घेतली. म्हटलं, माझ्या भावाला कळतं यातलं. आजही ते वाक्य आठवलं की माझाच राग येतो.

मार्चमधला तो रविवार आठव. तुझ्या खोलीवर मित्र जमले होते आणि त्यांना तुला गंमत दाखवायची होती, 'बघा, इथून आमच्या घरातलं पाणी हलवतो.' तू फोनवर 'वादळ' दाबलंस. इथं तळाची वाळू उडून काचेला लागली, मासे कोपऱ्यात दडले. आईनं हयात असताना आणलेलं ते हातोडीच्या डोक्यासारख्या बोंडांचं प्रवाळ सरळ झोतात सापडलं. प्रवाळाला पाणी सगळीकडून, इकडून तिकडून हलकं लागावं लागतं. एकाच बाजूनं सारखा मारा झाला की त्याचं मांस हाडावरून सुटतं. तीन बोंडं सुटली. बाबा समोर बसून बघत होते. त्यांनी पंपाला हात लावला, पण त्यावर ना बटण, ना खटका. मला म्हणाले, "हा तुझ्या भावाचा नोकर दिसतोय. माझं ऐकत नाही."

पण ते काहीच नव्हतं. फेब्रुवारीत काय झालं ते मी तुला सांगितलेलंच नाही. दुपारी वीज गेली, मी शाळेत होते. तासाभरानं ती आली, सगळं सुरू झालं, तुझा पंप सोडून. तो म्हणे फोनच्या हुकमाची वाट बघत होता, आणि फोनचा मालक कामावर. पाणी थांबलं की माशांचा श्वास कोंडतो, हे तूच बाबांना शिकवलं होतंस. मी घरी आले तेव्हा बाबा टाकीपाशी स्टुलावर उभे होते. उजवा हात दोन वर्षांपासून लुळा, हे तुला माहीत आहे. डाव्या हातात घोडीच्या आंबवलेल्या दुधाचं कुमिस ढवळायचा आपला लाकडी डाव, आणि त्यानं ते टाकीतलं पाणी ढवळत होते. तीन तास! बाही खांद्यापर्यंत खाऱ्या पाण्यानं भिजलेली. मला बघून म्हणाले, "आधी त्यांना बघ, मी ठीक आहे." मासे वाचले. डावाला जुनं लोणी लागलेलं होतं, त्यामुळे आठवडाभर पाण्यावर तवंग होता. मी तो रोज कागदानं टिपायचे आणि तुला शिव्या घालायचे.

म्हणून आता पंप मी निवडलेत. तुला विचारलं नाही. छोटे दोन, तासाला नऊशे-नऊशे लिटरचे. समोरासमोरच्या काचांवर, वरच्या बाजूला, झोत मधोमध एकमेकांवर आपटतात आणि मोडतात, प्रवाळापर्यंत नुसती झुळूक पोचते. एक बंद पडला तरी दुसरा असतोच. एकाला बॅटरी जोडली आहे, वीज गेली की तो तिच्यावर चालतो. वीज आली की दोन्ही आपोआप सुरू. फोन नाही, हुकूम नाही. बाहेर एक गोल बटण, डाव्या हाताला, खुर्चीत बसून पोचेल असं. गेन्नादी वैतागला. "बटण कुठल्या बाजूला आहे, हे विचारणारं गिऱ्हाईक आजवर आलं नव्हतं," म्हणाला. तुटलेल्या बोंडांच्या जागी एक नवं, मसुराएवढं फुटलंय.

आपल्याकडे आईबापाचं घर धाकट्या मुलाचं, आणि आईबापही धाकट्याचे. सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. तू 'एजे, मोठी बहीण ना तू, दोनच महिने सांभाळ' म्हणून गेलास त्याला तीन वर्षं झाली. तुझ्याऐवजी तुझे पंप येतात.

कराकोलच्या शाळेनं मला मुख्याध्यापिकेची जागा देऊ केली आहे. याआधी दोनदा मी नाही म्हणाले. या वेळी हो कळवलं. वीस ऑगस्टला मी जाते आहे. बाबांना बरोबर चला म्हटलं, तर म्हणाले, "घर सोडून? आणि तो आला म्हणजे?" परवा ते नवं बटण फिरवून बघत होते, कमी, जास्त, पुन्हा कमी. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मला एकट्याला जमावं म्हणून घेतलंस ना हे?" मी स्वयंपाकघरात निघून गेले. तर एलदियार, मी नसताना टाकीतलं पाणी फिरत राहील, तेवढं मी केलंय. बाबांच्या शर्टाची बटणं मात्र एका हातानं लागत नाहीत. ती रोज सकाळी मी लावते. वीस ऑगस्टच्या आत ये.

तुझीच, अजून तरी,
बुरुलाय एजे