दुःख शिकायला आलेल्या भावजींस

प्रिय भावजी,

वहिनीचा आशीर्वाद.

त्या सकाळी मी खिडकीत ओले मोजे वाळत घालत होते, तुमचे दादा कामाला निघायच्या घाईत दाढी करत होते, आणि या देशात येऊन तुम्हाला जेमतेम आठ दिवस झाले होते. झाडायचं म्हणून सोफ्यावरून लोंबणारे तुमचे पाय मी दोनदा सरकवले, तरी तुम्ही उठेनात. उठलात ते थेट दादांच्या मागे जाऊन, त्यांच्यासारखेच गाल फुगवून, "माझं घड्याळ कुणी हलवलं?" असं ओरडलात. घड्याळ त्यांच्या मनगटावर होतं. ते इतके हसले की हनुवटी कापून घेतली. तुमची कारकीर्द अशी आमच्या बाथरूममध्ये सुरू झाली, हे तुम्ही मुलाखतीत सांगत नाही (तिथे तुम्ही 'संघर्ष' सांगता).

असो. तुमची तब्येत बरी असेल असं धरून चालते, कारण परवा माझ्याकडे तुम्ही तीनदा वाढून घेतलंत. माझं गुडघे सोडून सगळं ठीक आहे.

पत्र मिळालं. लाँड्रीत कपड्यांच्या घड्या घालणारा माणूस हॉटेलच्या मागच्या खोलीत स्वतःच्या फजित्या सांगून इथल्या लोकांना हसवू लागला, मग नाटकात दोन वाक्यांचा डॉक्टर झाला, सिनेमात एका वाक्याचा टॅक्सीवाला झाला, आणि आता पहिल्यांदाच मोठी भूमिका मिळाली, तीही बायको वारलेल्या माणसाची. अभिमान वाटतो, खोटं कशाला सांगू? पण तुम्ही रडायला लागलात की तालमीत सगळे हसतात, आणि सोमवारपर्यंत जमलं नाही तर दिग्दर्शकबाई भूमिका दुसऱ्याला देणार, यात माझा काय दोष?

"वहिनी, दोन दिवस नुसता तुमच्याजवळ बसतो," म्हणालात. मला वाटलं, दादांची आठवण आली असेल. तर तुम्ही वही काढलीत! मी फ्रिजमधला साचलेला बर्फ काढतेय आणि तुम्ही समोर स्टुलावर. "आत्ता काय वाटतंय?" विचारलंत. मी म्हटलं, बोटं गार पडलीत. तेही लिहून घेतलंत. मग दादांचा फोटो खिडकीशी हलवलात, उजेड चांगला पडतो म्हणून (ऊन लागून तो पिवळा पडेल, ते कोण बघणार?). बँकेच्या रांगेत तर कहर केलात. मी पिशवीत चष्मा शोधतेय आणि माझ्या वाटचे उसासे तुम्ही टाकताय! तिथल्या एका बाईंनी उठून तुम्हालाच खुर्ची दिली, पाठीवरून हात फिरवला, आणि मला म्हणाल्या, "त्यांना सांभाळा हो." भावजी, विधवा मी आहे.

माझी शाळा सातवीत सुटली, पण वाचनालयातल्या कादंबऱ्या मी ढीगभर वाचल्यात. त्यांतल्या विधवा खिडकीबाहेर बघत बसतात. माझ्या खिडकीबाहेर शेजारच्या इमारतीचा सांडपाण्याचा पाइप आहे. किती वेळ बघणार?

आणि आता पत्रातून विचारता, "वहिनी, दादा गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही काय केलंत, तेवढं लिहा, माझं काम होईल." त्या दिवशी तुम्ही दौऱ्यावर होतात. तिसऱ्या दिवशी पोचलात आणि जमलेल्या सगळ्यांना हसवत राहिलात. (खरं तर तेव्हा मला बरंच वाटलं होतं.) पण माझा तो दिवस म्हणजे काही वाटीभर साखर नाही, शेजारणीने मागितली आणि दिली. हे माझं शेवटचं उत्तर समजा.

तुमची
वहिनी

ता. क. सिनेमा लागला की एक तिकीट पाठवा. कडेच्या खुर्चीचं. मी येणार नाहीच, पण असू द्यावं.

पुन्हा ता. क. पाकीट चिकटवलं होतं, ते वाफेवर धरून उघडलं. ती भूमिका दुसऱ्याकडे जाता कामा नये, दादांना ते आवडलं नसतं. तर लिहून घ्या. दुसऱ्या दिवशी मी शिंप्याकडे गेले. त्यांची पँट लांबीला कमी करायला दिली होती आणि पावतीवर न्यायची तीच तारीख होती. शिंपी म्हणाला, "घालून बघायला सांगा, अजून लांब वाटली तर परत आणा." मी म्हटलं, "सांगते."